करवंटीत मेण ओतू नका, आणि मेणाआधी वातीकडे बघा

दिवाळीत भेट द्यायला घरीच सुगंधी मेणबत्त्या करायच्यात, घरात दोन वर्षांचं बाळ आहे, तर पॅराफिन टाळून सोया मेण घेऊ का आणि करवंटीत ओतू का, असं तुम्ही विचारलंय. आधी करवंटीचं सांगते. नका ओतू.

पहिल्या वर्षी मी करवंट्या घासून, तेल लावून चकचकीत केल्या होत्या. तळाशी बोटभर मेण उरलं, वात कलंडून कडेला टेकली आणि करवंटीच पेटली. बंबात आपण हेच जळण घालायचो! ओट्यावर होती म्हणून वर पातेलं पालथं घालून विझवता आली. पाणी ओतलं असतं तर पेटतं मेण अंगावर उडालं असतं. त्यामुळे जाड काचेची बरणी किंवा पत्र्याची डबी घ्या. साधी पणती मेण पिते, ती नको. वर सुक्या पाकळ्या, दालचिनी खोचणंही नको, त्या दुसऱ्या वातीसारख्या पेटतात.

आता मेण. पॅराफिन खनिज तेलातून येतं, पर्यावरणासाठी ते टाळायचं तर जरूर टाळा. पण सोया घेतलं की धूर नाही, हे खरं नाही. वात जाड किंवा लांब असली की कुठलंही मेण काजळी धरतं. विणलेली सुती वात घ्या, आत धातूची तार नसलेली, आणि दर वेळी पेटवण्याआधी ५-६ मिलिमीटरवर कापा. वातीच्या टोकाला काळं बोंड आलं तर वात बरणीच्या मानाने जाड आहे, असं समजा.

सोया मेण साधारण ५० अंशांना वितळतं. विदर्भात उन्हाळ्यात पार्सल पाठवणार असाल तर पोचेपर्यंत लोणी होईल. मला स्वतःला मधमाशीचं मेण आवडतं. ते ६२-६४ अंशांना वितळतं, मधाचा मंद वास त्याचाच असतो. तीन भाग मेण आणि एक भाग खोबरेल घेतलं की बरणीत छान बसतं. मात्र मधमाशीच्या मेणात पॅराफिनची भेसळ फार होते, म्हणून मध काढणाऱ्याकडूनच घ्या.

सुगंधात लोक सर्वात जास्त चुकतात. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे, गवती चहाचं तेलही जास्त झालं की डोकं चढतं. ५०० ग्रॅम मेणाला ३० ग्रॅम सुगंधी तेल पुरे, आणि तेही काट्यावर मोजून, चमच्याने नाही. जास्त झालेलं तेल वर तरंगतं आणि भडकतं. विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: थॅलेटमुक्त आहे का (थॅलेट ही सुगंधी तेलात मिसळली जाणारी रसायनं), आणि मेणबत्तीत किती टक्क्यांपर्यंत चालतं याचा इफ्राचा, म्हणजे सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे दिलेला, कागद आहे का. कागद दाखवत नसेल तर घेऊ नका. अत्तर, अगरबत्तीचं तेल, कापूर यातलं काहीही घालू नका. रंगासाठी मुलांचे मेणखडू तर नाहीच, त्यांनी वात चोंदते.

बाळ झोपतं त्या खोलीत मात्र कुठलीच मेणबत्ती लावू नका, माझ्या हातची असली तरी.

सगळ्या एकदम ओतू नका. एकच करा, सोया असेल तर दोन आठवडे मुरू द्या, मग समोर बसून जाळा. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त नको, पण अगदी तळापर्यंत संपवा, कारण भांडं तापतं ते शेवटी. बरणी हाताला सोसवेनाशी झाली तर वात बारीक घ्या आणि पुन्हा एक करून बघा.