‘बस’ म्हणजे सर्वांसाठी

प्रश्न असा आहे: नियंत्रण पॅनेलच्या वायरिंग आरेखात पीएलसीपासून (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकापासून) निघालेली तारांची जोडी पहिल्या ड्राइव्हकडे (मोटर चालवणाऱ्या उपकरणाकडे), तिथून दुसऱ्याकडे आणि पुढे तिसऱ्याकडे जात असेल, तर त्या जोडणीला ‘सिरीज’ (एकसर) म्हणावे की ‘बस’?

‘सिरीज’ मुळीच म्हणू नये. जाणत्या माणसांच्या तोंडीही हा शब्द ऐकून मन विटते. चिन्हे एकापुढे एक काढली म्हणून जोडणी सिरीज होत नाही; फेरूलवरचे, म्हणजे तारेच्या टोकावरच्या खुणेच्या नळीवरचे, क्रमांक वाचावेत. इमर्जन्सी स्टॉपची बटणे खरोखर सिरीजमध्ये असतात, म्हणून प्रत्येक संपर्क ओलांडला की तारेचा क्रमांक बदलतो. आरएस-४८५ च्या (उपकरणांमधील संदेशवहनाच्या एका मानकाच्या) जोडीत मात्र तोच क्रमांक पहिल्या टर्मिनलपासून शेवटच्यापर्यंत टिकतो, मध्ये फक्त लूप मारलेला (तीच तार पुढच्या टर्मिनलला नेलेली) असतो, आणि दोन्ही टोकांना साधारणपणे १२० ओहमचा रोध दाखवलेला असतो. ही बस. (दोन पोर्टांची इथरनेट उपकरणे अशीच ओळीने काढतात, पण तिथे प्रत्येक उपकरण संदेश पुढे सोपवते, ती साखळी.)

आता शब्दाकडे वळू. लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे सर्व, आणि त्याचे चतुर्थीचे अनेकवचन ‘ओम्निबुस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’. त्यातला ‘बुस’ हा विभक्तिप्रत्ययाचा केवळ शेवटचा तुकडा आहे. ‘सर्वांसाठी’मधले ‘सर्वां’ गळून नुसते ‘साठी’ उरावे आणि त्याचेच नाम व्हावे, तसे हे घडले! १८२० च्या दशकात फ्रान्समधील नाँत शहरात सर्वांना खुल्या असलेल्या घोडागाडीला हे नाव मिळाले. पुढे विजेच्या कामात सर्व फीडरांना (वीज पुढे नेणाऱ्या शाखांना) पुरणारी धातूची पट्टी ‘ओम्निबस बार’ आणि मग ‘बसबार’ झाली. १९७९ मध्ये मॉडिकॉन या पीएलसी बनवणाऱ्या कंपनीने आणलेल्या मॉडबस या संदेशवहनाच्या नियमावलीच्या नावातही तोच तुकडा आहे.

म्हणूनच ‘बस’साठी ‘वाहिनी’ सुचवणाऱ्या परिभाषाकारांशी माझा ठाम मतभेद आहे. त्यांनी गाडी पाहिली, चतुर्थी पाहिली नाही. वाहून नेण्याचे काम प्रत्येकच तार करते, सिरीजमधलीसुद्धा. मग त्या शब्दाने वेगळेपण कोणते सांगितले? मराठीत ‘सामाईक भिंत’ आहे, तशी ‘सामाईक तार’ म्हणावी. फेरूलवरचा न बदलणारा क्रमांक जे सांगतो, तेच हा शब्द सांगतो.