आयबीएम कंपनी बुडाली का? आता तिचा एकही कॉम्प्युटर दुकानात का दिसत नाही?

वडिलांच्या तोंडून 'कॉम्प्युटर म्हणजे आयबीएम' असं ऐकत मोठे झालात आणि आता लॅपटॉप घ्यायला गेलात तर ते नावच सापडत नाही, म्हणून तुम्ही हा प्रश्न विचारलाय.

बुडाली नाही. कंपनी चालू आहे, मोठी आहे, आणि तिची हजारो माणसं भारतात काम करतात. तुम्ही-आम्ही दुकानातून घरी आणू अशी वस्तू मात्र ती आता विकत नाही. तसं का झालं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझं रोजचं काम या कंपनीच्या उपकारावर चालतं असं मी मानतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. कापसाने भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन स्क्रीनवर येतं. गाडी खाली होऊन परत आली की रिकामं वजन घ्यायचं, वजाबाकी होते, काटापावती निघते. शेतकऱ्याचं वर्षभराचं कष्ट त्या पावतीवरच्या एका आकड्यात असतं, त्यामुळे या कामात चूक चालत नाही.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण आयबीएमचं मूळही काट्यातच आहे. १९११ साली अमेरिकेत काही कंपन्या एकत्र करून सीटीआर (कॉम्प्युटिंग-टॅब्युलेटिंग-रेकॉर्डिंग) नावाची कंपनी उभी केली. त्यातली एक ओहायो राज्यातल्या डेटनची. ती दुकानदारांसाठी असे काटे बनवायची, जे वजनाबरोबर मालाची किंमतही दाखवायचे. नावातला 'कॉम्प्युटिंग' हा शब्द तिथून आला. दुसरी कंपनी कामगारांच्या हजेरीची घड्याळं करायची. तिसरी हर्मन हॉलरिथची, ज्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांच्या यंत्रांवर अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजली गेली. १९२४ साली या सगळ्याचं नाव आयबीएम झालं. नाझी जर्मनीतल्या जनगणनेसाठीही तिथल्या उपकंपनीची हीच कार्डयंत्रं वापरली गेली. कंपनीचं कौतुक करताना ही गोष्ट गाळू नये, असं माझं मत आहे.

खरा दबदबा तयार झाला तो १९६४ च्या एप्रिलमध्ये, सिस्टिम ३६० मुळे. त्याआधी एका मशीनचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसे. मोठं मशीन घेतलं की सगळं पुन्हा लिहा. आयबीएमने सुमारे ५ अब्ज डॉलर ओतून लहानापासून मोठ्यापर्यंत एकच प्रोग्राम चालेल अशी मशीनं आणली. आजही जगातल्या मोठमोठ्या बँका त्याच घराण्यातल्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या महाकाय कॉम्प्युटरवर, चालतात. मेनफ्रेम हा आयबीएमचा आजही कमाईचा धंदा आहे, आपल्याला तो दिसत नाही इतकंच.

भारतात कंपनी आली ती १९५० च्या दशकात. कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली आयबीएम १६२० हा कॉम्प्युटर बसला, आणि आपल्याकडे कॉम्प्युटर शिकलेली पहिली पिढी अशा मशीनांवर घडली. पुढे परकीय चलनावरच्या फेरा कायद्याने परदेशी कंपन्यांना इथला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. आयबीएमला पूर्ण मालकी सोडायची नव्हती. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ साली, तिने गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या मशीनांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने सांभाळली. १९९२ मध्ये आयबीएम टाटांचा हात धरून परत आली.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने पीसी, म्हणजे एकेकट्या माणसाने टेबलावर वापरायचा कॉम्प्युटर, काढला, किंमत १५६५ डॉलरपासून. घाई होती, म्हणून सगळं स्वतः न बनवता बाजारातले भाग घेतले: प्रोसेसर इंटेलचा, मशीन चालवणारी डॉस ही प्रणाली मायक्रोसॉफ्टची. वर सर्किटच्या आकृत्यांसकट तांत्रिक पुस्तकही विकायला ठेवलं, म्हणजे इतरांनी त्याला जोडायची कार्डं बनवावीत. आयबीएमचा कॉपीराइट होता तो एकट्या बायोसवर, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या छोट्या प्रोग्रामवर. कॉम्पॅक नावाच्या कंपनीने तो न चोरता, तसाच वागणारा बायोस स्वतः लिहून काढला, आणि मायक्रोसॉफ्टला डॉस कोणालाही विकायची मोकळीक होतीच. झालं. पाहता पाहता शेकडो कंपन्या 'आयबीएम कम्पॅटिबल' बनवू लागल्या. १९८७ मध्ये पीएस/२ हे नवे पीसी आणून आयबीएमने लगाम परत हातात घ्यायचा प्रयत्न केला, पण तोवर बाजार तिचा उरला नव्हता.

१९९३ साली कंपनीला सुमारे ८ अब्ज डॉलरचा तोटा झाला. कंपनीचे तुकडे करायची तयारी चालली होती. लू गर्स्टनर नावाचे नवे प्रमुख आले, ते बिस्किटं-सिगारेटच्या कंपनीतून! त्यांनी तुकडे होऊ दिले नाहीत आणि गाडी सेवा व सॉफ्टवेअरकडे वळवली. फार माणसांची नोकरी त्या काळात गेली, हेही खरं. डिसेंबर २००४ मध्ये थिंकपॅड लॅपटॉपसकट पीसीचा धंदा लेनोवो या चिनी कंपनीला विकल्याचं जाहीर झालं. म्हणून दुकानात नाव दिसत नाही. पुढे २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला रेड हॅट ही सॉफ्टवेअर कंपनी घेतली. २०२० पासून प्रमुख आहेत अरविंद कृष्ण, त्याच कानपूर आयआयटीत शिकलेले.

मी काट्यावर बसलो तो हंगामही २००४ चाच. पीसी होता असेंबल केलेला, नागपूरहून आणलेला, वर कोणत्याच कंपनीचं नाव नाही. एकदा ऐन हंगामात वीज कमीजास्त होऊन एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, जळला. बाहेर गाड्यांची रांग, शेतकरी खिडकीतून विचारताहेत, "काहून थांबलं जी?" यवतमाळहून पोराने मोटरसायकलवर भलत्याच कंपनीचा एसएमपीएस आणला, चार स्क्रू आवळले, काटा सुरू. आयबीएमने आपला पीसी कुलपात ठेवला असता तर हे झालं नसतं. कंपनीचा माणूस येईपर्यंत आठ दिवस कापूस पडून राहिला असता, आणि मुळात एवढ्या किमतीचा कॉम्प्युटर आमच्या मालकांनी घेतलाच नसता. तिच्या हातून जो धंदा निसटला, तो खेड्यापाड्यात आमच्या कामी आला. मला ही तिची सगळ्यात मोठी देणगी वाटते.

काट्याच्या इंडिकेटरची वायर कॉम्प्युटरच्या मागे नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टात जाते. पीसीवर ते नऊ पिनांचं पोर्ट १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासून रुळलं. मागच्या दिवाळीत मालकांनी नवा कॉम्प्युटर आणला तर त्याला ते पोर्टच नाही. दोन दिवस शोधून यूएसबी टू सिरीयल कन्व्हर्टर मिळवला. वजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट निवडायला गेलो, तर यादीत अजूनही पहिलं नाव सिरीयल पोर्टाचं तेच जुनं होतं: कॉम १. ते निवडलं, काट्यावर उभ्या असलेल्या पिकअपचं वजन स्क्रीनवर आलं, आणि हंगामाची पहिली पावती निघाली.