निपाणीचा रेकॉर्डसंग्रह : उक्ता घ्यावा की निवडून?

प्रश्न : मी बेळगावात शहापूरला राहतो. वय ४३, उद्यमबागेत नोकरी, हातात महिना ५२ हजार येतात, घरखर्च ३८ हजार. एकाच पॉप गाण्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या (एलपी म्हणजे मोठी रेकॉर्ड, ईपी म्हणजे छोटी, कॅसेट, सीडी) जमवायच्या आणि लागोपाठ ऐकून फरक शोधायचा, हा माझा जुना नाद. निपाणीत एका घरी वारलेल्या वडिलांचा संग्रह विकायला काढलाय : सुमारे ३८० रेकॉर्ड आणि ५०० कॅसेट. नाझिया हसन, अब्बा, मायकल जॅक्सन, बीटल्सच्या दोन ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या, शिवाय बरीच सिनेमाची गाणी आणि नाट्यसंगीत. उक्ते २ लाख ६० हजार सांगतात. बँकेत ३ लाख २० हजारांची ठेव आहे, त्यातले दीड लाख मोडावेत आणि १ लाख १० हजार पत्नीच्या सोन्यावर काढावेत असं मनात आहे. दीडशेक रेकॉर्ड माझ्याकडे आधीच आहेत किंवा नको आहेत. त्या विकून दोन वर्षांत कर्ज फेडीन. अडीअडचणीला सौहार्द सहकारी सोसायटीत आणखी २ लाख आहेत. मुलगी यंदा एसएसएलसीला (दहावीला) आहे. गुंतवणूक म्हणून हे बरोबर होईल का?

उत्तर : गुंतवणूक म्हणून नाही. छंद म्हणून यातला काही भाग जरूर घ्या, पण उक्ता नको, आणि वहिनींचं सोनं तर अजिबात नको.

आधी तुमच्याच आकड्यांनी बघू. सोनेतारण कर्जाला साधारण १० टक्के धरले तर १ लाख १० हजारांवर वर्षाला ११ हजार व्याज. ठेवीवर ७ टक्के मिळत असतील तर दीड लाख मोडल्यानं वर्षाला साडेदहा हजार बुडाले. म्हणजे मुद्दल तसंच राहिलं तर दोन वर्षांत ४३ हजार गेले. आता दीडशे रेकॉर्ड सरासरी ४०० रुपयांना विकल्या असं समजा. ६० हजार आले. त्यातून खोकी, कुरिअर, कमिशन आणि वाटेत तडकलेली एखादी तबकडी वजा करा, ४५ हजार उरतील. जे विकून येणार ते जवळजवळ सगळं व्याजातच संपतं. उरलेल्या २३० रेकॉर्ड तुम्हाला नगाला अकराशेच्या वर पडतात. दुकानात उभे राहून तुम्ही त्या प्रत्येकीला अकराशे मोजले असते का? पन्नासेकांना मोजले असतेत, असा माझा अंदाज. आणि दीडशेही दोन वर्षांत खपतील हे मी तुमच्या शब्दावर धरलंय. नोकरी सांभाळून आठवड्याला दीड रेकॉर्ड विकायची, पॅक करायची, पाठवायची, हे बोलायला सोपं आहे.

दुसरी गोष्ट जरा खोल आहे आणि तुमच्यासारख्या माणसाच्या नेमकी नजरेआड होते. तुम्हाला गाण्याची प्रत्येक आवृत्ती हवी असते. पहिली छपाई, नंतरची छपाई, सात इंची ईपीवर कापून लहान केलेलं गाणं, बारा इंचीवरचं लांबवलेलं, कॅसेटवरचं दबका आवाज असलेलं. हा संच तुमच्या कानाला मोलाचा आहे. बाजार मात्र संच मोडून एकेका नगाला भाव देतो, आणि त्यात नंतरच्या छपाया, कॅसेट, सीडी यांना जेमतेम किंमत येते. गाणं गाजलेलं असलं तर विचारूच नका. ‘थ्रिलर’ हा १९८२ चा, जगात सर्वाधिक खपलेला अल्बम, म्हणूनच त्याच्या प्रती गल्लोगल्ली सापडतात. भाव चढतो तो कमी छापलेल्या आणि जपून ठेवलेल्या मालाला.

जपलेल्या म्हणजे किती? संग्राहकांच्या ‘गोल्डमाइन’ प्रतवारीत ‘निअर मिंट’ (जवळजवळ नवी) रेकॉर्डला १०० रुपये येत असतील तर त्याखालच्या ‘व्हीजी प्लस’ला साधारण ५० आणि त्याहून खालच्या ‘व्हीजी’ला २५ धरतात. जुनी रेकॉर्ड घरात वाजलेली असते, लग्नात-गणपतीत लाउडस्पीकरवर झिजलेली असते, ती निअर मिंट निघणं अवघड. त्यात आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर बंद कपाटात राहिलेल्या कव्हरांवर बुरशीचे डाग पडतात, कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी चढते, आतला स्पंजाचा ठोकळा गळून पडतो. एकावर एक रचून ठेवलेल्या एलपी वाकतात. त्या ५०० कॅसेटना मी तुमच्या हिशेबात शून्य किंमत देईन. दहा-वीस ऐकायला घ्या, बास.

अब्बा, नाझिया यांच्या भारतीय छपाया बघताना एक जपा. कव्हरवरचा कॅटलॉग क्रमांक म्हणजे पहिल्या छपाईचा पुरावा नव्हे. खपणारी रेकॉर्ड त्याच क्रमांकाखाली पुन्हा पुन्हा छापली जायची. लेबलच्या भोवतीच्या कोऱ्या काठावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (छपाईच्या साच्याची खूण) टॉर्च तिरपी धरून वाचा आणि डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या संकेतस्थळावर तो नोंदवलाय का ते पहा. तिथं विक्रेत्यानं लावलेला भाव आणि प्रत्यक्ष विकलेला भाव वेगवेगळे दिसतात. दुसराच बघायचा. निपाणीच्या मंडळींनी २ लाख ६० हजारांचा आकडा कुठून काढला असेल, तर बहुधा पहिल्यावरून.

आता त्या दोन ७८. संपूर्ण पत्रात मला इथंच खरी उत्सुकता वाटली. इंग्लंड-अमेरिकेत १९६० च्या सुमारास ७८ आरपीएमच्या तबकड्या जवळपास थांबल्या. आपल्याकडं मात्र चावीचे ग्रामोफोन अजून वापरात होते, म्हणून कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यात त्या पुढंही निघत राहिल्या आणि बीटल्सची गाणी पार्लोफोनच्या लेबलखाली ७८ वरही आली. परदेशी संग्राहक त्या शोधत असतात. म्हणजे संग्रहात खरा माल असलाच तर तो बहुधा या दोन तबकड्यांत आहे, बाकीच्या ढिगात नाही. पण या तबकड्या लाखेच्या असतात, हातातून निसटल्या की संपल्या. काठाला केसासारखी चीर असेल तरी भाव कोसळतो. नखानं हलकं वाजवून बघा, चीर असेल तर आवाज बद्द येतो.

किती खर्च करावा? तुमचा घरखर्च ३८ हजार, म्हणजे सहा महिन्यांची सोय २ लाख २८ हजार. ती ठेवीत तशीच राहू दे. उरतात ९२ हजार. मार्चनंतर मुलीच्या पीयूसीची (अकरावी-बारावीची) फी, पुस्तकं, क्लास आहेत. ती सायन्स घेणार असेल तर क्लासवाले पैसे एकदम मागतात, त्यासाठी ५० हजार बाजूला काढा. मग ४२ हजार. छंदावर महिन्याला चारेक हजार जात असतीलच. सहा महिने नवीन काही न घेता ते २४ हजार यात टाका. ६५ हजारांच्या आतली जी काही खरेदी असेल ती बिनधास्त करा, वहिनींना आधी सांगून.

सौहार्दमधल्या २ लाखांना तुम्ही आपत्कालीन पैसा समजताय, ते समजू नका. ठेवींवरचा ५ लाखांपर्यंतचा विमा बँकांना असतो, सहकारी बँकांनाही असतो. पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांना नसतो. टक्का-दीड टक्का जास्त मिळतो तो याचसाठी. मुदत संपली की बँकेत आणा. आणि पत्रात मुदत विम्याचा उल्लेख नाही, म्हणजे तो नसावा. रेकॉर्डच्या आधी तो घ्या.

घरचे म्हणतील, चांगलं चांगलं तुम्ही उचललं तर उरलेलं कोण घेणार? त्यांचं चुकत नाही. म्हणून पॉपचा भाग अख्खा घ्या, त्यातल्या रद्दी रेकॉर्डसकट, आणि सिनेमा-नाट्यसंगीतासाठी दुसरा गिऱ्हाईक सोबत न्या. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. आपल्या भागात नाट्यसंगीत-शास्त्रीयचे शौकीन काही कमी नाहीत, कोल्हापूरही निपाणीहून तासाभरावर आहे. दोघांनी मिळून गेलात तर त्यांचं घर रिकामं होतं आणि तुमच्यावर बोजा येत नाही. पाच हजार इसार द्या, यादी करून सह्या घ्या, बाकी माल मोजून उचलताना. वारसांपैकी एकाशीच बोलणं झालं असेल तर बाकीच्यांची संमतीही कागदावर असू दे, भाऊ-बहिणी नंतर फोन करतात.

पुढं दुबार नग विकाल तेव्हा हिशेबाची वही ठेवा. घरातली वापरलेली वस्तू कधीतरी विकणं वेगळं, आणि विकायच्याच हेतूनं घेऊन सतत विकणं वेगळं. दुसरं आयकराच्या नजरेत धंदा ठरू शकतं.

ते उक्त्यावरच अडून बसले तर नमस्कार करून निघा. निघण्याआधी मात्र त्या दोन ७८ ची वेगळी किंमत विचारा.