आजीच्या डब्यातल्या जुन्या नाण्यांची खरी किंमत कशी कळेल?

आजीच्या मागे देवघरातल्या डब्यात तुम्हाला राणीछाप रुपये, मूठभर शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आणि ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून सांगितलं जाणारं, रामदरबाराचं 1818 सालचं तांब्याचं नाणं मिळालं. त्या तांब्याच्या नाण्याचे कुणीतरी फोनवर दहा लाख कबूल केलेत, फक्त आधी ‘नोंदणी फी’ मागतोय. बरोबर ना?

ती फी कृपा करून भरू नका. खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असं कमिशन आणि कर उकळणं इतकं वाढलं की 2021 साली बँकेला स्वतः पत्रक काढून सांगावं लागलं: जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी आमचा काही संबंध नाही.

तुमचं 1818 चं नाणं मुळात कंपनी सरकारचं नाहीच. ईस्ट इंडिया कंपनीने रामसीता-हनुमान असलेली नाणी पाडली नाहीत. त्यावर ‘वन आना’ लिहिलंय म्हणता, पण एक आण्याचं सरकारी नाणं आलं 1907 मध्ये, आणि तेही तांब्याचं नव्हे, तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं. ही मागाहून पाडलेली टोकनं आहेत, चलनातली नाणी नव्हेत, आणि बाजारात ढिगाने मिळतात. आजीने पुजलंय, तर देव्हाऱ्यातच राहू द्या.

रुपयांकडे मात्र नीट लक्ष द्या. 1835 ते 1939 या काळातला रुपया 11.66 ग्रॅमचा आणि त्यात शुद्ध चांदी सुमारे 10.7 ग्रॅम. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणलं की तळाची किंमत हातात येते. त्याखाली कुणालाच देऊ नका. सराफ मोडीचाच भाव लावणार, तो त्याचा धंदा आहे. वरची किंमत ठरते ती साल, टाकसाळ आणि नाणं किती झिजलंय यावर. नुसत्या जुनेपणाला फार मोल नाही. व्हिक्टोरियाच्या रुपयावर 1862 साल बघून लोक हरखतात, पण 1874 उजाडेपर्यंत टाकसाळी तेच साल छापत राहिल्या, त्यामुळे ते भरपूर सापडतात. उलट पाचव्या जॉर्जचा 1911 चा रुपया नंतरचा असूनही जास्त मागणीचा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरला. तुमच्याकडे 1911 असेल तर ते वेगळं काढून ठेवा. 1939 चा रुपया तर फारच दुर्मीळ, म्हणूनच त्याच्या नकलाही खूप.

शिवराई नाण्यांबद्दल सांगताना मलाच वाईट वाटतं, कारण घरोघरी त्या महाराजांच्या काळच्या म्हणूनच जपलेल्या असतात. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ ही अक्षरं पुढे पेशवाईतही छापली जात होती, आणि सापडणाऱ्या बहुतेक शिवराया त्या नंतरच्या काळातल्याच. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे नंतरचीच.

आणि एक कळकळीची विनंती: काहीही घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, काही नको. तांब्यावरचा तो काळपट-हिरवट थर पाहूनच जाणकार नाण्याचं वय आणि खरेपणा जोखतो. तो गेला की नाणं चकचकीत होतं आणि किंमत पडते. हारासाठी कडी डाखलेल्या रुपयाचंही तसंच, त्याला बहुधा चांदीचाच भाव.

प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे उजेडातले फोटो काढा, वजन टिपून ठेवा. मग टोडीवाला, ओसवाल अशा मुंबईच्या लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर जुन्या लिलावांचे निकाल बघा. मागितलेली किंमत बघू नका, हातोडा कितीवर पडला ते बघा, आणि तुमच्या नाण्याइतकंच झिजलेलं नाणं शोधा. तेवढं झालं की नाणी घेऊन एखाद्या नाणेप्रदर्शनात जा आणि दोन-तीन विक्रेत्यांना वेगवेगळं विचारा. पहिल्याच टेबलावर विकून मोकळे होऊ नका.

तुमचा भाऊ ती अमेरिकेत नेऊन विकू म्हणतोय, त्याला मात्र थांबवा. 100 वर्षांवरची नाणी 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतात आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेणं गुन्हा आहे.

रुपयांचे फोटो इथे टाकलेत तर साल आणि टाकसाळ मी बघून सांगेन.