भिंतीवरचं अशुद्ध लॅटिन

प्रश्न : नातवाने 'लाइफ ऑफ ब्रायन' दाखवला. भिंतीवर लिहिण्याच्या प्रसंगाला तो गडाबडा लोळत होता. मला शिपाई ओरडतोय एवढंच कळलं. एवढं हसण्यासारखं काय आहे त्यात? (एक आजोबा, मिरज)

उत्तर : आजोबा, शाळेत संस्कृत घेतलं होतंत ना? मग नातवापेक्षा तुम्हीच जास्त हसायला हवं!

चित्रपट १९७९चा, काळ ख्रिस्ताचा. यहुद्यांवर रोमनांचं राज्य. ब्रायन ज्या बंडखोर टोळक्यात शिरलाय, त्यांचा रोमनांपेक्षा जास्त राग दुसऱ्या टोळक्यावर; दोघांच्या नावांत फरक काय, तर तेच शब्द उलटसुलट. ते त्याला रात्री राजवाड्याच्या भिंतीवर 'रोमनांनो, घरी चालते व्हा' लिहायला धाडतात. तो लिहितो : 'रोमानेस एउंट डोमुस'. मागून रोमन शिपायांचा नायक येतो. वाटतं, मुंडकं उडालं. पण गडी खवळतो तो व्याकरणावर!

'एउंट' म्हणजे 'ते जातात'. हवा आज्ञार्थ, 'ईते'. आपला संस्कृतमधला 'इ' (जाणे) धातू आठवा : यन्ति (ते जातात) आणि इत (जा). लॅटिनची सख्खी भावंडं. 'रोमानेस' हे संबोधनच नव्हे, 'रोमानी' पाहिजे. आणि घराकडे जायचं म्हटल्यावर विभक्ती कोणती? ब्रायन घाबरून चतुर्थी सांगतो, तशी तलवार गळ्याशी. द्वितीया, साहेब, द्वितीया! म्हणजे 'डोमुम'. (हे 'डोमुस' म्हणजे वेदातलं 'दम', घर. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'स्वे दमे' आहे.) शेवटी शिक्षा : हेच शंभर वेळा लिही. उजाडेपर्यंत अख्खी भिंत शुद्ध लॅटिनमध्ये रोमनांना हाकलू लागते, तीही रोमन पहाऱ्यात.

हा नायक झालाय इंग्लंडचा विनोदी नट जॉन क्लीझ. केंब्रिजला जाण्याआधी दोन वर्षं तो शाळामास्तर होता, लॅटिनही शिकवायचा. कान पिरगाळण्यात ती सफाई उगाच नाही आली.

मी स्वतः एकतीस वर्षं संस्कृत शिकवलं, त्यामुळे हसताना जरा चोरट्यासारखं होतं. नववीच्या वर्गात एकदा फळ्यावर कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'गुरुः गर्दभाः अस्ति'. मी आत शिरलो, खडू उचलला, बहुवचनाचं एकवचन केलं, वर संधीही करून दाखवला : 'गुरुर्गर्दभोऽस्ति'. मग वळून विचारलं, "कळलं का सगळ्यांना?"

सगळा वर्ग एका सुरात, "हो सर!"