पाहुणचाराचा खर्च कुठवर?

प्रश्न : जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमची डाळमिल आहे. वडील माल विकायला बाहेरगावी जात, तेव्हा धर्मशाळेत उतरत आणि घरची शिदोरी खात. आता विक्री धाकटा भाऊ पाहतो. तो विमानाने जातो, पंचतारांकित हॉटेलात उतरतो आणि यंदा त्याने २० मोठ्या ग्राहकांना सपत्नीक थायलंडला नेण्याचे ठरवले आहे. त्यांपैकी १८ जण स्वतःच्या पेढीचे मालक आहेत, तर दोघे साखळी दुकानांच्या कंपन्यांचे खरेदी अधिकारी आहेत. खर्च १६ लाखांच्या घरात जाईल. सगळे जाऊन आम्हाला किलोमागे एक रुपया सुटतो. ‘धंद्यात हे करावेच लागते,’ असे भाऊ म्हणतो. हा खर्च योग्य आहे का?
— एक भागीदार, जळगाव

उत्तर : आपल्या पत्रात प्रवास आणि पाहुणचार हे दोन विषय एकत्र आले आहेत. त्यांचा न्याय वेगवेगळा करावा लागेल.

प्रवासाबाबत मी आपल्या भावाच्या बाजूचा आहे. जळगावहून मुंबईला रात्रीच्या गाडीने निघून सकाळी कामाला लागता येते; चेन्नईला जायचे तर जवळजवळ एक अख्खा दिवस रेल्वेत जातो, आणि आंबलेल्या अंगाने भाव ठरवायला बसलेला माणूस क्विंटलमागे पन्नास रुपये सहज सोडून येतो. वडिलांच्या काळी एका फेरीत दोन-दोन आठवडे मोडत, तेव्हा धर्मशाळा परवडत असे. विमानाचे तिकीट म्हणजे चैन, असे आता म्हणता येणार नाही. पंचतारांकित खोलीचे समर्थन मात्र मला करता येत नाही, कारण ग्राहक त्या खोलीत पाऊलही टाकत नाही. आणि आपला विक्री प्रतिनिधी स्लीपरच्या डब्यातून जात असेल, तर ते बिल त्याच्याही नजरेस पडते, हे विसरू नये.

थायलंडच्या सहलीचा हिशेब आपल्याच आकड्यांनी मांडू. किलोमागे रुपया सुटत असेल, तर १६ लाख रुपये म्हणजे १६ लाख किलो डाळ, अर्थात दहा टनी १६० ट्रक. एवढा जादा माल या सहलीमुळे खरोखर उठणार आहे का, हा प्रश्न भावाला शांतपणे, वही समोर ठेवून विचारावा. माझ्या मते नाही उठणार. जो ग्राहक सहलीसाठी आपल्याकडे येतो, तो पुढच्या वर्षी दुसऱ्या मिलच्या सहलीसाठी तिकडे जातो.

आता कायद्याची बाजू. १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात अशी तरतूद आहे की, धंद्याच्या निमित्ताने कोणाला वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक किमतीचा लाभ दिला, तर त्यावर १० टक्के करकपात करावी लागते. आपल्या हिशेबाने एका जोडप्यामागे ८०,००० रुपये पडतात, म्हणजे प्रत्येकी ८,००० रुपयांचा कर. मालाची माहिती देण्यासाठी विक्रेत्यांची परिषद भरवली तर तो लाभ धरला जात नाही. पण मौजेची सहल किंवा सोबत आणलेल्या कुटुंबीयांचा खर्च हा लाभच ठरतो, असे आयकर खात्याच्या त्या वर्षीच्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे.

आपल्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट मात्र करापलीकडची आहे, आणि ती आपण एका वाक्यात उरकली आहे. अठरा जण स्वतःच्या पैशाने माल घेतात. त्यांना काय खाऊ घालावे, हा तुमचा-त्यांचा प्रश्न. ते दोन अधिकारी मालकाच्या पैशाने खरेदी करतात. त्यांच्या बायकांची विमानाची तिकिटे आपण काढली, तर आपण ग्राहकाचा पाहुणचार करत नसून त्याच्या नोकराची निष्ठा विकत घेत आहोत, आणि त्याची किंमत शेवटी डाळीच्या भावात मिसळून एखाद्या घरच्या पिशवीतून वसूल होणार आहे. याला मी लाच म्हणतो. तेच परिपत्रक रुग्णालयात नोकरीला असलेल्या डॉक्टरचे उदाहरण देऊन सांगते की, त्याला दिलेल्या लाभावरची कपात रुग्णालयाच्या नावे दाखवावी. त्याच न्यायाने या दोघांची कपात त्यांच्या कंपन्यांच्या पॅनवर दाखवावी लागेल. ते पॅन भाऊ त्या कंपन्यांकडून उघडपणे मागू शकतो का, एवढेच त्याला विचारा. उद्या सरकारी पुरवठ्याची निविदा भरलीत आणि तिथेही हीच सवय नेलीत, तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली देणाराही थेट गुन्हेगार ठरतो.

पाहुणचार करूच नये, असे माझे म्हणणे नाही. खान्देशात दारी आलेल्याला उपाशी परत पाठवत नाहीत. अनेक वर्षांपूर्वी मी ज्या मिलची वही लिहीत असे, तिथे दक्षिणेतला एक जुना ग्राहक पौष महिन्यात आला होता. मालकांनी त्याला आसोद्याजवळच्या मळ्यात नेले. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली गेली, लाकडी बडगीत ठेचली गेली, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर ते भरीत खाता खाता त्या गृहस्थाने शेजारच्या खळ्यावरची तूर मुठीत घेतली, दाणा दाताखाली फोडून पाहिला आणि ओल किती, फटका डाळ कशी उतरेल, हे तिथल्या तिथे मालकांशी बोलून घेतले. संध्याकाळी मिलमध्ये येऊन त्याने चाळणीपासून पोत्याच्या शिलाईपर्यंत सारे पाहिले. त्या दिवसाचा खर्च मी किर्दीत एका ओळीत लिहिला होता.

भावाने ग्राहकांना शब्द दिला असेल, तर तो मोडू नये. यंदा अठरा मालकांना न्यावे आणि कर रीतसर भरावा. त्या दोन अधिकाऱ्यांना मात्र सहलीतून वगळावे आणि जानेवारीत मिल पाहायला येण्याचे निमंत्रण त्यांच्या कंपनीच्या पत्त्यावर, कंपनीच्या नावाने पाठवावे. हे बोलणे भावाशी दोघांतच करा, कामगारांसमोर नको. आणि त्याच्या विमानाच्या तिकिटाचा विषय त्यात काढू नका.