पुण्यातल्या जातिविरोधी चळवळीत फुल्यांखेरीज आणखी कोणाबद्दल वाचावं?

फुल्यांबद्दल शाळेत वाचलंय, आता पुढे कोणाला वाचू, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: मुक्ता साळवे. फुल्यांच्याच शाळेत शिकलेली, मांग समाजातली मुलगी. १८५५ साली, चौदाव्या वर्षी तिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आपण सुधारकांबद्दल भरभरून बोलतो, पण ज्यांच्यासाठी शाळा निघाली त्यांच्यातल्याच एका मुलीचं म्हणणं जसंच्या तसं हाताशी असताना ते वाचत नाही, याची मला खरंच खंत वाटते.

निबंध लहान आहे, एका बैठकीत होतो. वेद ब्राह्मणांचेच असतील, आम्हाला ते बघायचाही अधिकार नसेल, तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. पेशवाईबद्दल लिहिते, की तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत. आज तिथेच मार्केट यार्ड आहे. भाजी घ्यायला गेले की मला हे वाक्य आठवतंच. पण सगळ्यात आत जाऊन लागतो तो बाळंतिणींचा उल्लेख. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, असं ती लिहिते. तेव्हाच्या कुठल्याही पुरुष सुधारकाला हे इतक्या जवळून दिसलं असेल असं मला वाटत नाही. शेवटी ती आपल्याच लोकांना सांगते, ज्ञानाचं औषध घ्या.

त्यानंतर शिवराम जानबा कांबळे वाचा. त्यांनी १९०८ मध्ये पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढलं. १३ ऑक्टोबर १९२९ ला पर्वतीच्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून जो सत्याग्रह सुरू झाला, त्याच्या पुढाऱ्यांत ते होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, दरवाजे उघडले नाहीत. रोज सकाळी पर्वती चढणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

गावात सगळ्या जातींना एकाच ठिकाणी पाणी भरता यावं यासाठीची बाबा आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ त्यामानाने अलीकडची, १९७० च्या दशकातली. तिच्यावर मराठीत भरपूर मिळेल. मुक्ताचा निबंध मात्र आधी वाचा, आणि तोही मूळ, कोणी केलेला सारांश नको.